टीव्हीला कॉम्प्युटर चालत नाही म्हणे!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय गावाच्या १ लाख ६८ हजार रुपयांचा आहे, त्यामुळे दहा मिनिटं काढा.

गेल्या ग्रामसभेला जे आले होते त्यांना माहीत आहे. जे आले नाहीत (म्हणजे बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी सांगतो. प्राथमिक शाळेसाठी इंटरॅक्टिव्ह पॅनल घ्यायचा विषय निघाला. पैसे वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून. दरपत्रक वाचून दाखवलं, पाच-सहा माना हलल्या आणि ठराव लिहायला घेतला. मी उठून एवढंच विचारलं, की शाळेच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे, त्याचं काय?

"तो टीव्ही आहे हो. त्याला कॉम्प्युटर चालत नाही. कंपॅटिबल नाही."

कुणी सांगितलं? दुकानदारानं. कुठल्या दुकानदारानं? ज्यानं दरपत्रक दिलं त्यानंच.

लोक हसले. पण ठराव काही मागे घेतला नाही. पुढच्या सभेत बघू म्हणून विषय प्रलंबित ठेवला. ती पुढची सभा येत्या सोमवारी आहे, म्हणून आज लिहितोय.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहेच. स्टँडसमोर टीव्ही दुरुस्तीचं दुकान, २६ वर्षं झाली. या गावातल्या बहुतेक घरातला टीव्ही कधी ना कधी माझ्या टेबलावर पालथा पडलेला आहे. पॅनल येऊ नये यात माझा काही फायदा नाही. उलट पॅनल बिघडला तरी तो माझ्याकडे यायचा नाही, आणि जुना टीव्ही बिघडला तर मी शाळेकडून मजुरी घेत नाही हे गुरुजींना विचारा. तेव्हा 'याचा काय संबंध' असं कमेंटमध्ये लिहिण्याआधी एवढं वाचा.

आधी त्या टीव्हीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून घेतला. मुंबईला माथाडीत असलेल्या पोरांनी निम्मे पैसे पाठवले, बाकी गावातून गोळा झाले. माझी पाचशेची पावती अजून गल्ल्यात आहे. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. 'डिजिटल शाळा' अशी पाटी गेटवर लागली. त्यानंतर गुरुजींनी स्वतःचा लॅपटॉप आणून त्याला जोडायचा प्रयत्न केला. चित्र आलं, पण कडेनं कापलेलं. खालची पट्टीच दिसेना, म्हणजे स्टार्टचं बटण कुठंय तेच कळेना. आवाज लॅपटॉपमधूनच, टीव्ही मुका. अक्षरं धुरकट. गुरुजींनी दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "गुरुजी, तो टीव्ही आहे, मॉनिटर नाही. शिकवायला पॅनलच लागतो."

गुरुजी साधा माणूस. त्यांनी विश्वास ठेवला. टीव्हीवर कापड टाकलं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर देशभक्तीची गाणी लावतात, बाकी वर्षभर कापडच.

मागच्या शनिवारी सकाळची शाळा होती. गुरुजींची परवानगी घेऊन मी गेलो. सोबत काय नेलं? एक तीन मीटरची एचडीएमआय वायर, अडीचशे रुपयांची. बाकी काही नाही. चौथीची मुलं समोर बसलेली. कापड काढलं तेव्हा दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या, सिनेमा आहे असं वाटलं त्यांना.

कापलेलं चित्र: टीव्हीच्या रिमोटवर मेनू, त्यात पिक्चर, त्यात चित्राचा आकार. तिथं १६:९ होतं, ते बदललं. कुठल्या कंपनीत त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतात, कुठं 'फिट टू स्क्रीन', कुठं 'फुल पिक्सेल', कुठं नुसतं १:१. नाव काहीही असो, अर्थ एकच, आलेलं चित्र ताणू नकोस, आहे तसं दाखव. चारी कडा जागेवर आल्या. स्टार्टचं बटण दिसलं.

धुरकट अक्षरं: लॅपटॉपचा स्वतःचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा आहे. 'दोन्हीकडे सारखं' असं लावलं की टीव्हीलाही तेवढेच ठिपके जातात आणि तो ते ताणून आपले १९२० बाय १०८० भरतो. म्हणून धुरकट. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा, चार पर्याय येतात, त्यातला शेवटचा घ्या, म्हणजे फक्त दुसरा पडदा. आता टीव्हीला त्याच्या मापाचं चित्र मिळतं. शिवाय टीव्हीतला 'शार्पनेस' खाली आणला. सिनेमाला तो बरा वाटतो, पण अक्षराभोवती पांढरी किनार काढतो. आणि दुकानात चमकवण्यासाठी लावलेला 'व्हिव्हिड' मोड तीन वर्षं तसाच होता, तो बदलला. पोरांचे डोळे वाचले.

आवाज: लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर टिचकी मारून यादीतून टीव्हीचं नाव निवडलं. झालं.

घड्याळ लावलं नव्हतं, पण मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत पुस्तकातला नकाशा पूर्ण भिंतीवर होता आणि मागच्या ओळीतल्या पोरीनं "कोयना, कृष्णा" वाचून दाखवलं. गुरुजी म्हणाले, "एवढंच होतं?" मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. तीन वर्षं गेली ना राव. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता चौथीत आहेत.

आता हा समज आला कुठून, तेही सांगतो, कारण तो पसरवण्यात माझाही हात आहे.

२००३-०४ साली कॉलेजचा एक मुलगा माझ्याकडे आला. नवीन कॉम्प्युटर घेतलेला, मॉनिटर १५ इंची. घरचा २१ इंची टीव्ही मोठा दिसतो म्हणून त्याला जोडायचा होता. त्याच्या ग्राफिक्स कार्डाला टीव्ही-आउट होतं, पिवळी पिन लावली. सिनेमाची सीडी छान दिसली. मग त्यानं टायपिंगचं पान उघडलं आणि अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. तेव्हाचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही ६२५ ओळींच्या पाल पद्धतीचा. त्यातल्या पडद्यावर येणाऱ्या ओळी ५७६. त्यासुद्धा एकदम नाहीत, आधी एक सोडून एक, मग उरलेल्या. हलत्या चित्रात ते कळत नाही, पण बारीक आडवी रेघ सतत थरथरते. मी त्याला सांगितलं, "बाळा, टीव्हीला कॉम्प्युटर जोडू नको, डोळे जातील." बरोबर सांगितलं होतं. पुढं दहा जणांना तेच सांगितलं. त्यातल्या एकानं पुढं दुकान टाकलं असेल तर नवल नाही!

पण तो टीव्ही गेला. पिक्चर ट्यूब भंगारात गेली. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचं पहिलं मानक आलं, आपल्याकडे पोचायला पुढं आठ-दहा वर्षं लागली, आणि आज तुमच्या भिंतीवर जो सपाट टीव्ही आहे तो उघडला तर आत तीच काच निघते जी मॉनिटरमध्ये निघते. तेच द्रवस्फटिक, त्याच मागच्या एलईडीच्या पट्ट्या (ज्या जळाल्या की तुम्ही 'आवाज येतो पण चित्र नाही' म्हणत माझ्याकडे येता). टीव्हीत जास्तीचं काय असतं? चॅनेल पकडणारा ट्यूनर, स्पीकर आणि चित्र सजवणारं एक सर्किट. कॉम्प्युटर जोडताना त्या सजवणाऱ्या सर्किटाला गप्प बसवायचं असतं, बास.

चित्र कापलं जातं तेही जुन्या ट्यूबचंच भूत. ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागं दडवायचे. ट्यूब गेली, चौकट गेली, पण सवय राहिली. अजूनही कित्येक टीव्ही कारखान्यातून निघताना चित्र थोडं फुगवूनच दाखवतात. बातम्या बघताना कुणाला कळतंय? पण कॉम्प्युटरची कामाची बटणं असतातच कोपऱ्यात. म्हणून माणूस म्हणतो, चालत नाही.

आणि गंमत बघा. टीव्ही आणि मॉनिटर एकाच जातीचे आहेत हे सरकारच्या करवाल्यांना केव्हाच कळलंय. वस्तूंचे जे कोड असतात त्यात दोन्ही एकाच मथळ्याखाली, ८५२८ मध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये जीएसटी परिषदेनं ३२ इंचापर्यंतच्या पडद्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा मॉनिटर आणि टीव्ही एकाच ओळीत धरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांचाही कर १८ झाला, त्यातही दोघं बरोबरच. म्हणजे कर घेताना दोघं सख्खे भाऊ, आणि आपल्या ग्रामसभेत मात्र सोयरीक जमत नाही.

हे काही नवं डोकंही नाही. मुळात घरगुती कॉम्प्युटर आला तोच टीव्हीला जोडायला. १९८२ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम निघाला, त्याला पडदा यायचाच नाही, घरचा टीव्ही हाच पडदा. आपल्या केंद्र सरकारनं १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या प्रकल्पात शाळांना पहिले कॉम्प्युटर दिले, ते बीबीसी मायक्रो होते, आणि त्या यंत्राच्या मागंही साध्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जाणारी वायर लावायची सोय होती. आपल्या गावात नव्वदच्या दशकात कॅसेटवाले टीव्ही गेम यायचे ते आठवा. आईबापाच्या शिव्या खात पोरांनी ती वायर स्वतः लावली, चॅनेल स्वतः शोधलं. त्या पोरांना कुणी कंपॅटिबल विचारलं नाही. तीच पोरं आज पंचायतीत सदस्य आहेत!

बरं, टीव्हीपाशी गोष्ट संपत नाही. खरा राग मला यापुढच्या गोष्टीचा आहे.

त्या शनिवारी गुरुजींनी कपाट उघडून दाखवलं. आत पाच कॉम्प्युटर, दहा-बारा वर्षांपूर्वीचे. डेडस्टॉक रजिस्टरला पाचांपुढे शेरा 'नादुरुस्त' आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तयार. म्हणजे भंगारात. मी विचारलं काय बिघडलंय. कुणाला माहीत नाही. "चालू केला की काळाच राहतो." अहो, काळा पडदा राहतो म्हणजे पडदा गेलाय की डबा गेलाय, हे तपासलं का कुणी? मी त्यातला एक डबा दुकानात आणून माझ्या टेबलावरच्या टीव्हीला लावला. चालू. दुसरा, चालू. तिसरा आवाज करत होता, पंख्यातली धूळ काढली, चालू. चौथ्याचा पॉवर सप्लाय गेला होता. पाचव्याचं खरंच काही खरं नाही. पाचपैकी तीन कॉम्प्युटर धडधाकट, फक्त त्यांचे मॉनिटर मेलेले. डोळे गेले म्हणून माणसाला मयत दाखवायचा प्रकार झाला हा.

या जुन्या डब्यांना एचडीएमआय नाही, निळं व्हीजीए आहे. आणि शाळेच्या टीव्हीला व्हीजीए नाही, आता बऱ्याच टीव्हींना नसतंच. मग मध्ये कन्व्हर्टर लागतो, मी चारशेला घेतला. इथं एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ जण पडतात म्हणून थांबून सांगतो. बाजारात दोन कन्व्हर्टर मिळतात, दिसायला सारखेच. एक व्हीजीएकडून एचडीएमआयकडे, दुसरा एचडीएमआयकडून व्हीजीएकडे. ते उलटे चालत नाहीत. नळाला पाइप उलटा लावला तरी पाणी येतं, इथं येत नाही. आपल्याला जुना कॉम्प्युटर आणि नवा टीव्ही जोडायचाय, म्हणजे पहिला हवा. दुकानातला पोरगा घाईत दुसरा देतो, घरी चित्र येत नाही, आणि पुन्हा तेच वाक्य, 'टीव्हीला चालत नाही.' योग्य कन्व्हर्टरला यूएसबीतून वीज द्यावी लागते, तीही वायर लावायची राहते. आणि व्हीजीएत आवाज नसतो, त्याची बारीक वायर कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून वेगळी घ्यायची. एवढं केलं की झालं.

विंडोज ७ कधीच मेलंय, विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या डब्यांवर नवं विंडोज चढणार नाही. पण लिनक्स चढतं, फुकट आहे, मराठी टायपिंग आहे, लिहायला-मांडायला लिब्रेऑफिस आहे. एका डब्यावर मी टाकलंय. पळत नाही, चालतो. पोरांना बेरजा आणि टायपिंग शिकवायला कुठं पळायचंय?

आता पॅनलच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं ऐकू, कारण ते सगळे काही चोर नाहीत. सरपंचताईंचा हेतू मला चांगलाच वाटतो. शेजारच्या गावात पॅनल आला, आपल्या पोरांना का नको, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पॅनल ६५ इंची आहे, मोठा आहे, बोटानं लिहिता येतं, आतच कॉम्प्युटर असतो, वायरींचा गुंता नाही. साठ पोरांचा वर्ग असता तर मी हात वर केला असता. आपल्या चौथीच्या वर्गात पोरं १९ आहेत. सगळ्यात मागची ओळ टीव्हीपासून बारा-तेरा फुटांवर. अक्षर दीडपट मोठं केलं की तिथून वाचता येतं, मी स्वतः मागं बसून बघितलं. बोटानं लिहायचं म्हणाल तर फळा आहे, खडू आहे. आणि बिनवायरचा माऊस पाचशेला मिळतो. शनिवारी तो माऊस ओळीतून फिरवला, मागच्या बाकावरच्या पोरानं जागेवरून उत्तरावर टिचकी मारली. पॅनलला बोट लावायला त्याला उठून पुढं यावं लागलं असतं, आणि तो पोरगा पुढं येत नाही हे गुरुजींनाही माहीत आहे.

टीव्ही सगळीकडे मॉनिटरची जागा घेतो असंही मी म्हणत नाही. खोटं बोलून काय मिळणार? ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही टेबलावर ठेवून दीड फुटावरून दिवसभर सातबारा टाइप करायचा असेल तर नको. त्यात ठिपके १३६६ बाय ७६८ च आणि पडदा मोठा, म्हणजे एका इंचात पन्नासच्या आत ठिपके. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये नव्वदच्या वर बसतात. जवळून फरक दिसतो, डोळा शिणतो. पंचायतीच्या केंद्रात बसणाऱ्या ताईंना मॉनिटरच द्या. काही टीव्हींना माऊस हलवल्यावर बाण उशिरा हलतो, त्याला 'गेम मोड' लावला की बराच फरक पडतो. फोर-के टीव्हीला जुना लॅपटॉप जोडला तर तो सेकंदाला ३० चित्रंच पाठवतो आणि बाण अडखळतो, तिथं १०८० वर आणून ६० करायचं. या सगळ्या अडचणी आहेत. पण एकाही अडचणीचं उत्तर १ लाख ६८ हजार नाही.

आणि एक अडचण खरोखर पैसे मागते, तिच्याबद्दल मात्र सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. अर्थिंग.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि मला चिमटी बसली. बोर्डाला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नाही! अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हलका करंट फिरत राहतो. त्यात टीव्हीला डिशची केबल जोडलेली, तिचा दुसरा संबंध छताशी. अशा वेळी दोन्ही चालू असताना एचडीएमआय वायर खुपसली तर पोर्ट जळू शकतं. माझ्याकडे जळालेल्या पोर्टांचे टीव्ही येतात, त्यातले कित्येक असेच. म्हणून वायर लावताना दोन्ही बंद, दोघांची वीज एकाच पट्टीवरून, आणि पट्टी खऱ्या अर्थिंगची. शाळेला अर्थिंगचा खड्डा हवा. तो खोदायला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वायरमनची मजुरी धरून काही हजार लागतील. ते पैसे द्या ना! त्या पत्र्याला रोज सहा-सात वर्षांची पोरं हात लावणार आहेत. आणि मंडळी, पॅनल आणला तरी तो याच बोर्डावर लागणार होता. दरपत्रकात अर्थिंगची ओळ आहे का बघा. मी बघितली, नाही.

मग हिशेब काय? एक एचडीएमआय वायर, एक कन्व्हर्टर, एक बिनवायरचा माऊस-कीबोर्ड, एक चांगली पट्टी. तीन हजारांच्या आत बसतं. तीन डब्यांना रॅम वाढवली तर थोडं आणखी. अर्थिंग वेगळं. मजुरी माझी शून्य. उरलेल्या पैशात शाळेचं छप्पर आणि मुलींच्या शौचालयातलं पाणी या दोन गोष्टी आराखड्यात दोन वर्षं पुढं ढकलल्या जातायत, त्यांचं बघा. पावसाळ्यात त्याच टीव्हीच्या भिंतीवरून ओघळ येतो. तिथं पॅनल लावणार होते.

शाळेच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर निघाला. शहरात २३.४ टक्के. टीव्ही मात्र तीनपैकी साधारण दोन घरांत आहे. लॉकडाउनमध्ये २०२० साली सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, तेव्हा पोरं त्याच टीव्हीसमोर वही घेऊन बसली. म्हणजे कॉम्प्युटरचा अर्धा भाग, महाग आणि मोठा भाग, घराघरात आधीच लावलेला आहे. मोठ्या कंपन्यांना हे कळलंय. २०२५ मध्ये जिओनं सेट टॉप बॉक्सवरून टीव्हीचाच कॉम्प्युटर करायची सेवा काढली, कॉम्प्युटर त्यांच्याकडे, पडदा तुमचा, महिन्याचं भाडं चालू आणि नेट गेलं की कॉम्प्युटरही गेला. ज्याला परवडतं त्यानं घ्यावं. पण दहावीच्या पोराला एमएस-सीआयटीच्या सरावासाठी आईबाप पंचवीस हजारांचा सेट हप्त्यावर घेतात तेव्हा मला वाईट वाटतं. कार्यालयांतून निघालेला वापरलेला डबा नुसता घ्या, पडदा घरी आहे. गेल्या वर्षी आपल्या वाडीतल्या दोन मुलींच्या घरी असं जोडून दिलंय. रात्री आठ ते नऊ आजीची मालिका, नऊनंतर मुलींचं टायपिंग. इनपुटचं बटण आजीच दाबते.

पडदा विकणाऱ्याचं काम पडदा विकणं आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या एका फोनवर विश्वास ठेवून आपण पाच कॉम्प्युटर मयत ठरवले आणि एक टीव्ही मुका ठरवला, राग आपल्यावर आहे. एक जण स्टूल घेऊन टीव्हीच्या मागं डोकावला नाही. पंचायत नाही, शाळा व्यवस्थापन समिती नाही, मीसुद्धा नाही. माझं दुकान शाळेपासून चारशे पावलांवर आहे. गुरुजी मला विचारायला आले नाहीत आणि मी 'काय झालं त्या टीव्हीचं' म्हणून गेलो नाही. तीन वर्षं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सोमवारी ठराव घेण्याआधी त्या दुकानदाराला बोलवा आणि शाळेच्या टीव्हीला कॉम्प्युटर का चालत नाही, ते त्याला टीव्हीसमोर उभं राहून दाखवू द्या. त्यानं दाखवलं तर मी पहिला हात वर करतो. निर्लेखनाचा प्रस्ताव थांबवा, पाचही डबे चारचौघांत तपासून रजिस्टरला खरा शेरा लिहा. दरपत्रक एकच का आलं, बाकीची कुठं आहेत, हेही विचारणार आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, दहा रुपयांचं तिकीटही चिकटवलंय.

सभा पंचायतीत न घेता शाळेतच घ्या, अशी सरपंचताईंना विनंती केली आहे, त्या बघू म्हणाल्यात. सोमवारी ११ वाजता. वायर, कन्व्हर्टर, पट्टी मी आणतो. आणि कुणाच्या घरी जुन्या कॉम्प्युटरमधली डीडीआर-थ्री रॅम पडून असेल तर रविवारपर्यंत दुकानात आणून द्या, दोन कमी पडतायत.